उलटी जाहिरात आणि हौसाक्कांची टिकली

आमच्या ऑफिसात एकही जाहिरात फेकली जात नाही. छापलेली, नाकारलेली, गायकाने रागाने चुरगाळलेली, अशी सगळी प्रूफं कपाटामागे जातात आणि तिथेच राहतात. मध्यंतरी पाल शिरली म्हणून कपाट ओढलं, तर एकेका प्रूफाबरोबर एकेक किस्सा बाहेर यायला लागला. हे कधीचं, ते कोण बोललं होतं, असं करत सगळी दुपार गेली. पाल काही सापडली नाही.

त्यातले काही तुम्हाला सांगतो. पण आधीच कबूल करतो, मी जळका माणूस आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं आणि ते मला लपवताही येत नाही. बायको म्हणते, "शेखर, तुला मनातलं बोलायची गरजच नाही. तुझ्या तोंडावर सगळं ठळक टायपात छापलेलं असतं!"

ऑफिस भूगावात, टाइल्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आम्ही चौघं. मालक दिलीपसर, मजकूर लिहिणारी प्राची, छपाईचं सगळं बघणारा पौडचा फिरोज, आणि डिझाइन करणारा मी. काम म्हणजे गाण्यांच्या अल्बमच्या छापील जाहिराती. लोक विचारतात, गाणी आता मोबाइलवर येतात, मग जाहिरात कागदावर कशाला? याचं उत्तर पिरंगुटच्या एका गायकाने देऊन ठेवलंय. तो म्हणाला, "मोबाइलवरची जाहिरात आईला फ्रेम करून कशी देऊ?"

आता आमची एक पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दर शनिवारी चार वाजता आठवड्याची प्रूफं आम्ही भिंतीवर उलटी टांगतो. डोकं खाली, पाय वर. उलटं टांगलं की अक्षरं वाचली जात नाहीत, चेहरे ओळखू येत नाहीत, आणि डोळा आधी कुठे जातो ते खरं कळतं. ज्याचा डोळा जिथे जाईल तिथे त्याने एक गोल स्टिकर लावायचा आणि कारण सांगायचं. सगळ्यांचं झालं की शेवटी एक मोठा लाल स्टिकर. तो लावणारा जे सांगेल ते अंतिम, मग जाहिरात बदला नाहीतर छापायला पाठवा. चौदा वर्षं तो लाल स्टिकर मी लावत होतो. मालक सर, पण शेवटचा शब्द माझा. माझ्याकडे मिरवण्यासारखं एवढं एकच होतं.

* * *

एका शनिवारी स्टिकर संपले. दुकान लांब, बाहेर चांदणी चौकाकडे ट्रॅफिक तुंबलेला. तेवढ्यात हौसाक्का जिन्यावरून आल्या. इमारत त्यांची. गच्चीचा जिना आमच्या हॉलमधूनच जातो, त्यामुळे वाळवण घालायला, काढायला त्यांची दिवसातून दोनदा तरी फेरी असते. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी, चाल भराभर.

आम्ही का थांबलोय ते कळल्यावर त्यांनी कमरेची पिशवी सोडून टिकल्यांचं पाकीट काढलं. "ह्ये चालंल का? चिकाटत्यात चांगल्या."

चाललं. आम्ही चौघांनी टिकल्या लावल्या. जाहिरात होती काकड आरतीच्या अल्बमची. मागे पहाटेचं तांबूस आकाश, पुढे टाळ घेतलेले बुवा, पायापर्यंत अख्खे उभे. तीन टिकल्या बुवांच्या चेहऱ्यावर आणि माझी आकाशावर. मी रंगसंगतीबद्दल दहा मिनिटं बोललो. हातात मोठी लाल टिकली घेऊन मी पुढे होणार, तेवढ्यात हौसाक्कांनी पाकिटातली एक टिकली काढून बुवांच्या पायाशी लावली.

"तिथे काय आहे अक्का?" सरांनी विचारलं.

"सावली हाय न्हवं. पार पायाखाली गोळा झालीया." मग त्यांनी मान वाकडी करून आकाशाकडे बघितलं. "बुवा भर दुपारी काकड आरती कराय लागल्यात व्हय?"

फोटो दुपारी बारा वाजता काढला होता. पहाट मी नंतर मागे चिकटवली होती. दोन आठवडे चौघांनी ते प्रूफ पाहिलं होतं आणि बुवांनी स्वतः सही करून पास केलं होतं! सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही. त्या दिवसापासून स्टिकर आणणं बंद झालं आणि टिकल्या सुरू झाल्या.

* * *

सूसचे दोन चुलतभाऊ. दोघांचा मिळून लोकगीतांचा अल्बम. जाहिरातीत दोघांचे फोटो शेजारी शेजारी, आणि अट एकच, दोघं सारखे दिसले पाहिजेत. पहिल्या प्रूफाला धाकटा खिशात टेप घेऊन आला. डोकी मोजली. थोरल्याचं डोकं दोन सूत मोठं निघालं.

दुसऱ्या प्रूफाला डोकी सारखी केली, तर धाकटा म्हणाला, "दादाचा फेटा धरून मोजलंय का सोडून?" तिसऱ्या प्रूफाला दोघांना फेटे घातले, तर थोरल्याच्या फेट्याचा तुरा मोठा. मी तीन दिवस दृश्य समतोल, दृश्य वजन, दृश्य क्रम असले शब्द वापरून दोघांना समजावत होतो. दोघं मान डोलवायचे आणि पुन्हा टेप काढायचे. त्यांच्यावर चिडलो होतो, पण मनातून मला ते बरोबर वाटत होते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मोजलं असतं.

हौसाक्का वाळलेल्या कुरडयांचं सूप घेऊन खाली येत होत्या. थांबल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "एकाला खुर्चीव बशिवा, एकाला मागं हुबा करा. बसल्याला वाटंल मी मालक. हुब्याला वाटंल मी उंच."

जाहिरात तशीच छापली. दोघांनीही वेगवेगळे फोन करून सरांना सांगितलं, "तुम्ही मला मोठं ठेवलंत, पण भावाला कळू देऊ नका!"

सरांनी दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघितलं.

* * *

हा किस्सा सांगायची माझी इच्छा नव्हती. पण नाही सांगितला तर फिरोज सांगेल.

बासरीचा अल्बम होता. शनिवारी प्रूफ टांगलं. वरच्या पट्टीत कलाकाराचं नाव आणि बाकी सगळं पान पांढरं. मी थक्क झालो. लेआउट माझाच, पण कागदावर इतका धीट दिसेल असं वाटलं नव्हतं. लाल टिकली हातात धरून मी बोलायला लागलो. म्हणालो, ही नुसती मोकळी जागा नाही, दोन सुरांमधली शांतता आहे. वाचणारा पेपर उलटता उलटता इथे थांबेल आणि त्याला बासरी ऐकू येईल. प्राची वहीत लिहून घेत होती. सरांचे डोळे पाणावले.

फिरोज दाराशी उभा होता. माझं संपल्यावर हळूच म्हणाला, "शेखर, फोटोची फाइल जोडलीच गेली नाही. प्रिंट तशीच निघाली."

"मग इतका वेळ गप्प का होतास?"

"तू इतकं छान बोलत होतास की मलाच वाटायला लागलं, फोटो नको!"

निदान हौसाक्का तरी नव्हत्या, असं मी मनात म्हणतोय तोच गच्चीच्या जिन्यावरून आवाज आला. "मला वाटलं, भाऊ कोरा कागुद लावून ध्यान शिकवत्यात."

* * *

यानंतर मी घरी सराव सुरू केला. खोटं कशाला बोलू? बावधनच्या फ्लॅटमध्ये, सकाळी अंघोळीआधी, पेपर उलटा धरायचा आणि पुरवणीतल्या प्रत्येक जाहिरातीवर टिकली लावायची. मग विचार करायचा की हौसाक्कांनी कुठे लावली असती. टिकल्या बायकोच्या.

आठवडाभराने बायकोने विचारलं, "माझी दोन पाकिटं संपली. कुठे जातायत?"

मी काही बोलायच्या आत तिच्या हाती रद्दी लागली. सगळ्यात वर एका गायिकेच्या नव्या अल्बमची पानभर जाहिरात होती. काळा बिनबाह्यांचा ड्रेस, आणि माझी टिकली नेमकी खांद्यावर.

बायकोने पेपर सुलट केला. नीट पाहिला. पुन्हा उलटा केला.

"दोन्ही बाजूंनी तिथेच जातो का रे डोळा?"

* * *

मग सरांनी हौसाक्कांना मीटिंगला न्यायला सुरुवात केली. सरांच्या गाडीत पुढची सीट माझी असायची. आता पुढे हौसाक्का, आणि मी मागे, मांडीवर प्रूफांची सुरळी घेऊन. स्पीड ब्रेकर आला की सुरळी माझ्या हनुवटीला लागायची.

ती मीटिंग सूसच्या एका सोसायटीत होती. निर्माता तरुण, आयटीतला. स्वतःच्या वडिलांनी गायलेल्या अभंगांचा अल्बम काढत होता. हौसेने, वडिलांच्या वयाच्या लोकांसाठी. त्याने नमुना म्हणून एक परदेशी जाहिरात दाखवली. सगळं पान काळं, आणि मधोमध केसाएवढी बारीक सोनेरी अक्षरं. "मला असा प्रीमियम लुक हवाय. एकदम मिनिमल."

मी म्हणालो, "वा! काय क्लास आहे." मला खरंच आवडली होती. शिवाय, अशी आपल्याला कधी सुचली नाही म्हणून थोडा जळलोही.

हौसाक्कांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग शांतपणे विचारलं, "म्हाताऱ्या मान्सांनी तुमच्या वडलांचं गानं ऐकू न्हाई असं हाय का?"

पोरगा गोंधळला. "नाही, म्हणजे, त्यांच्यासाठीच आहे."

"मंग ह्ये त्यास्नी वाचून कोन दावनार? तुमी जानार का घरोघर?"

आतल्या खोलीतून वडिलांचं हसू ऐकू आलं. पोरगाही हसला आणि सरांना विचारलं, "या कोण?"

सर म्हणाले, "आमच्या सीनियर."

मी सरांकडे बावीस वर्षं आहे. बाहेरच्या माणसाशी ओळख करून देताना ते म्हणतात, "हा आमचा शेखर." परत येताना बावधनपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

* * *

आता माझा नीचपणा सांगतो.

शनिवारी सकाळी हौसाक्का शेतावर असतात, दोनच्या आत येत नाहीत, हे मला माहीत होतं. मी सरांना म्हणालो, "प्रूफ बघायला सकाळचा उजेड चांगला. चारऐवजी अकराला बसू या." सर म्हणाले, बसू. फिरोज रजेवर होता. म्हणजे सर, प्राची आणि मी. लाल टिकली माझ्या हातात होती, आणि कित्येक महिन्यांनी तिच्यावर जिन्यातून कुणी बोलणार नव्हतं. फार आनंद झाला.

जाहिरात भातलावणीच्या गाण्यांच्या अल्बमची होती. तालुक्यातल्याच बायकांनी गायलेला. मागे हिरवंगार शेत, पुढे ओळीने गायिका. मी शेताच्या मधोमध लाल टिकली लावली आणि म्हणालो, "बघा, मातीचा वास येतो!" सोमवारी पेपरच्या तालुका पुरवणीत अर्धं पान छापून आली.

सोमवारी दुपारी हौसाक्का आल्या. हातात पुरवणी. माझ्या टेबलाशी येऊन थांबल्या, पण रागावल्या नाहीत. एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली.

"भाऊ, ह्यो आमच्या शेतातला आंबेमोहर. वैनींना सांगा, मऊ शिजवा. आन् खाताना नीट बगा."

"काय बघू?"

"गव्हावानी दिसतुया का ते!"

मी पुरवणी ओढून घेतली. ओंब्यांवर ओंब्या. अख्ख्या मुळशी तालुक्यात, भातखाचरांच्या मधे राहून, भातलावणीच्या जाहिरातीत मी गहू छापला होता! इंटरनेटवर शोधताना फक्त 'हिरवं शेत' शोधलं होतं. त्या बायकांपैकी एकीने नंतर फोन करून एवढंच विचारलं, "आमास्नी पंजाबात हुबं केलंय का?"

पुढच्या शनिवारी वेळ पुन्हा चारची झाली. आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मला वाटतं, यापुढे लाल टिकली अक्कांनी लावावी. शेखर, तुझी हरकत नाही ना?"

"छे! मला काय हरकत?" मी म्हणालो. प्राचीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं. त्या रात्री मी आंबेमोहर खाल्ला नाही. बायको म्हणाली, फार चांगला होता.

* * *

आता शेवटचा. हा कपाटामागून निघालेला नाही, हा मीच घरून आणला.

पंचवीस वर्षांपूर्वी, सरांकडे यायच्या आधी, मी एक जाहिरात केली होती. भावगीतांचा अल्बम, गायक अविनाश. पान जवळजवळ सगळं काळं. डावीकडे अविनाश अंधारात उभा, चेहऱ्याची कड फक्त दिसते. उजवीकडे रिकाम्या जमिनीवर उजेडाचा एक गोल. तिथे कुणी नाही. बस, इतकंच. तिला तेव्हा राज्यपातळीचं बक्षीस मिळालं. कॉलेजांमधून मला तिच्यावर बोलायला बोलावलं. एका प्राध्यापकांनी लिहिलं की तो उजेड म्हणजे श्रोत्याची जागा आहे, कलावंत स्वतः अंधारात राहून श्रोत्याला प्रकाश देतो. मला ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक भाषणात मीच ते सांगत आलो.

ती कशी झाली, ते मात्र मी कुठल्याच भाषणात सांगितलं नाही. ऑफिसातही कुणाला माहीत नाही. तो अल्बम आधी दोघांचा होता. अविनाशचा आणि माझा. सहा महिने आम्ही एकत्र रियाज केला होता. रेकॉर्डिंगला आठवडा उरला असताना संगीतकारांनी मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेखर, तुझा चित्रकलेचा हात फार चांगला आहे. तू जाहिरात कर." मी केली. त्यानंतर घरी न्हाणीघरातसुद्धा गायलो नाही.

तर ही जाहिरात मी शनिवारी आणली. नावांवर कागद चिकटवला आणि बाकीच्या प्रूफांमध्ये उलटी टांगून दिली. माझा हिशोब सरळ होता. हौसाक्का सावल्या ओळखतील, गहू ओळखतील, पण ही त्यांना झेपणार नाही. त्या म्हणतील, "लई काळं हाय, काय दिसंना." मग मी कागद काढीन, बक्षिसाचं सांगीन, श्रोत्याच्या जागेबद्दल बोलेन, आणि लाल टिकली पुन्हा माझ्याकडे येईल.

चार वाजले. प्राचीने अविनाशच्या चेहऱ्याच्या कडेवर टिकली लावली. फिरोजनेही तिथेच लावली आणि छपाईतला काळा रंग किती सुंदर आलाय म्हणाला. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कुणाची आहे ही? भारी माणूस आहे." मी हौसाक्कांच्या हातात लाल टिकली दिली. आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

हौसाक्का पुढे गेल्या. कागदासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की खालच्या दुकानात टाइल्स उतरवायचा आवाज सुरू झाला आणि थांबलाही. मग त्यांनी लाल टिकली रिकाम्या उजेडाच्या बरोबर मधे लावली.

"तिथे तर कुणीच नाही अक्का," सर म्हणाले.

"न्हाई कसं? कुनाला तरी हुबं ऱ्हायचं हुतं हितं. जागा धरून ठिवलीया त्येची." त्यांनी अंधारातल्या अविनाशकडे बोट केलं. "ह्यो गडी गातुया, पन ज्येनं ह्ये काढलंय त्येनं उजेड काय ह्येच्या अंगावर पडू दिला न्हाई."

मी हसायचा प्रयत्न केला. म्हणालो, "अक्का, तज्ज्ञ लोक म्हणतात, ती श्रोत्याची जागा आहे."

हौसाक्का माझ्याकडे वळल्या. इतकी वर्षं त्या मला भाऊ म्हणतात, अहोजाहो करतात. माझ्या तोंडाकडे त्यांनी तसंच बघितलं, जसं भिंतीवरच्या प्रूफाकडे बघतात, घाई न करता.

"गात हुतास व्हय रं तू?"